शस्त्र खालीं ठेवलेला शत्रु

रणांगणावर कोण जिंकला हें इतिहास आवर्जून सांगतो. जिंकणाऱ्यानें नंतर काय केलें हें तो एखाद्या वाक्यांत आटोपतो. वस्तुतः नीतीचा प्रश्न तेथेंच सुरू होतो. शस्त्र खालीं ठेवलेल्या शत्रूवर विजेत्याचा अधिकार कोठपर्यंत चालतो?

इंग्रज व फ्रेंच यांच्या शतवार्षिक युद्धांत या प्रश्नाचीं दोन उत्तरें आढळतात. ता. १९ सप्टेंबर १३५६ रोजीं प्वातिये येथें फ्रान्सचा राजा दुसरा जॉन कैद झाला, तेव्हां इंग्रज राजपुत्र एडवर्ड यानें त्या रात्रीं स्वतः त्यास जेवूं वाढलें, असें बखरकार फ्र्वासार लिहितो. ता. २५ ऑक्टोबर १४१५ रोजीं अ‍ॅजिनकोर्ट येथें जय जवळजवळ हातीं आला असतां, पुन्हा हल्ला होईल या भीतीनें पांचव्या हेन्रीनें कैद्यांची कत्तल करविली. खंडणी बुडेल म्हणून त्याचे कित्येक योद्धे या कामास नाखूष होते. म्हणजे कैद्याचा जीव वांचत होता तो किंमतीमुळें, आणि गेला तो भयामुळें. प्वातियेचा सत्कारही पुढें ठरलेल्या ३० लक्ष सुवर्णनाण्यांच्या खंडणीपासून सर्वस्वीं वेगळा काढतां येत नाहीं. जिची किंमत ठरते ती दया नव्हे, व्यवहार होय.

परक्यांचा न्याय करणें सोपें असतें. आपल्या घरचें उदाहरण पानिपतचें. ता. १४ जानेवारी १७६१ च्या पराभवानंतर दुसऱ्या दिवशीं अबदालीच्या छावणींत हजारों मराठे कैदी कापले गेले. हें दुःख मराठी मनानें पिढ्यानपिढ्या जपलें, तें योग्यच. पण तत्पूर्वीं तीनच महिने, ऑक्टोबर १७६० मध्यें, कुंजपुरा घेतल्यावर हातीं सांपडलेल्या कुत्बशहाचा शिरच्छेद मराठ्यांनीं केला होता. त्यानें बुराडी घाटावर दत्ताजी शिंद्यांचें मस्तक कापलें होतें, हें खरें. तथापि सूडास कारण नाहीं असें कधींच होत नाहीं. पानिपतावर कैदी कापणाऱ्यांपाशींही कारणें होतींच.

कोणी म्हणेल, क्षमा हा साधूचा धर्म. सोडलेला शत्रु राजावर उद्यां पुन्हा चालून येईल. परंतु त्यास सोडावेंच असें कोण म्हणतो? कैदेंत ठेवण्याचा हक्क विजेत्यास आहेच. मात्र शस्त्र टाकणारा मनुष्य आपला जीव विजेत्याच्या शब्दावर ठेवीत असतो. शरणागती स्वीकारतांच तो शब्द न उच्चारतांही दिला जातो. तो मोडणें हा विश्वासघात होय.

या ठिकाणीं वऱ्हाडांतील एका क्षेत्राची आठवण होते. वाशीम जिल्ह्यांतील शिरपूर जैन येथें अंतरिक्ष पार्श्वनाथाचें मंदिर आहे. जैन परंपरेच्या कथेंत कमठ जन्मोजन्मीं वैर धरून शेवटीं ध्यानस्थ पार्श्वनाथावर घोर पाऊस पाडतो. धरणेंद्र नाग फणा धरून रक्षण करतो. आणि पार्श्वनाथ दोघांकडेही सारख्याच दृष्टीनें पाहतो. एवढी समता सेनापतीपाशीं मागणें अवाजवी होईल. परंतु वैराची मालिका कोठें तुटते हें ती कथा दाखविते: ज्याच्यावर आघात झाला त्यानें तो परत न केला तरच.

संसारी माणसासही हें कांहीं अंशीं साधतें. सूरजमल जाटाचा सल्ला भाऊसाहेबांनीं मानला नव्हता. तो दुखावून निघून गेला होता. पानिपतानंतर निराधार मराठे त्याच्या मुलखांत आले, तेव्हां जुना अपमान वसूल करण्याची संधि होती. त्यानें त्यांस अन्नवस्त्र व आश्रय दिला, तोही अबदालीचा रोष ओढवेल हें जाणून. सूरजमल मुनि नव्हता, राजकारणी योद्धा होता. म्हणूनच त्याचें उदाहरण आपणांस अधिक लागू पडतें.

१९४९ च्या जिनीव्हा करारानें युद्धकैद्यांचें रक्षण राष्ट्रांवर बंधनकारक केलें. पण त्या करारामागची बुद्धि घरांतच घडावी लागते. मुलांस पानिपत सांगतांना कुंजपुराही सांगावा, आणि सूरजमलही.