दुखण्याला गुण नाहीत

एंडोमेट्रिओसिससाठी दुर्बिणीचं ऑपरेशन झालं की डॉक्टर एक तक्ता भरतात. बीजकोशावरची गाठ किती सेंटिमीटरची, डाग वरवरचा की खोल, बीजनलिका किती चिकटली, चिकटलेला पापुद्रा पातळ की जाड, या प्रत्येकाला ठरावीक गुण असतात. गर्भाशय आणि गुदाशय यांच्यामधली जागा पूर्ण बुजली असेल तर एकदम ४०. बेरीज ५ पर्यंत असेल तर पहिली पायरी, १५ पर्यंत दुसरी, ४० पर्यंत तिसरी, त्यापुढे चौथी. तक्ता जगभर वापरात आहे, पण त्यात दुखण्याचा रकाना नाही. पहिल्या पायरीवरची मुलगी दर महिन्याला गडाबडा लोळते, आणि चौथ्या पायरीवरच्या एखादीला दिवस का राहत नाहीत म्हणून तपासणी होईपर्यंत आजाराचा पत्ताही नसतो.

हा तक्ता कुणी केला ते पाहिलं की बराच उलगडा होतो. तो १९७९ साली अमेरिकन फर्टिलिटी सोसायटीनं केला, म्हणजे वंध्यत्वावर काम करणाऱ्या डॉक्टरांच्या संघटनेनं. पुढे १९८५ आणि १९९६ मध्ये तो सुधारला गेला. त्यांच्यापुढचा प्रश्न होता, हिला मूल होईल का? आपल्या कामाचा प्रश्न त्यांनी विचारला, त्यात गैर काही नाही. पण एंडोमेट्रिओसिसच्या शंभरेक वर्षांच्या संशोधनावर याच एका प्रश्नाची सावली पडलेली दिसते, आणि बाई ज्या तक्रारीसाठी दवाखान्याची पायरी चढते ती तक्रार त्या सावलीत राहून गेली.

आजार थोडक्यात असा: गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर वाढते. बीजकोशावर, पोटाच्या आतल्या आवरणावर, आतड्यावर, मूत्राशयावर, क्वचित छातीच्या पडद्यावर आणि फुप्फुसातसुद्धा. पाळीच्या संप्रेरकांना ती ऊती आपल्या परीनं प्रतिसाद देते. सूज येते, रक्त साकळतं, आतले अवयव एकमेकांना चिकटतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातल्या सुमारे दहा टक्के, म्हणजे जवळपास १९ कोटी स्त्रियांना आणि मुलींना हा आजार आहे.

एकोणिसाव्या शतकात तो सापडला तो सूक्ष्मदर्शकाखाली. व्हिएन्नाच्या कार्ल फॉन रोकिटान्स्की यांनी १८६० मध्ये जे वर्णन केलं ते नेमकं याच आजाराचं होतं का, यावर इतिहासकारांचं अजून एकमत नाही. खरी कलाटणी दिली ती न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनीच्या जॉन सॅम्पसन या शल्यविशारदानं. बीजकोशातल्या ज्या गाठींना आज आपल्याकडच्या सोनोग्राफीच्या रिपोर्टातही ‘चॉकलेट सिस्ट’ म्हणतात, त्यांच्यावर त्यानं १९२१ मध्ये लिहिलं. १९२७ मध्ये त्यानं सिद्धान्त मांडला तो असा: पाळीचं रक्त सगळं खाली जात नाही, काही बीजनलिकांतून उलटं पोटात जातं, त्यातले अस्तराचे कण तिथे रुजतात आणि वाढतात.

सिद्धान्त इतका सुटसुटीत होता की आजही पाठ्यपुस्तकं तिथूनच सुरुवात करतात. आक्षेप तेव्हाही होतेच. मेलेल्या पेशी रुजतील कशा, असं काहींचं म्हणणं होतं. १९५० च्या सुमाराला बाल्टिमोरच्या टे लिंडे आणि स्कॉट यांनी माकडिणींवर शस्त्रक्रिया करून पाळीचं रक्त थेट पोटात जाईल अशी व्यवस्था केली. काही माकडिणींत आजार उगवला, काहींत नाही. दुर्बिणीचं ऑपरेशन सर्रास होऊ लागल्यावर तर मोठीच अडचण उभी राहिली. ज्यांच्या बीजनलिका मोकळ्या आहेत अशा सुमारे नव्वद टक्के स्त्रियांच्या पोटात पाळीच्या सुमारास रक्त सापडतं, असं १९८४ मध्ये एका अमेरिकी अभ्यासानं दाखवलं. रक्त उलटं जाणं हा आजार नव्हे, ती जवळजवळ सर्वांची गोष्ट आहे. मग दहांतल्या एकीच्याच पोटात ते का रुजतं? ‘कुठून आलं’ हा प्रश्न मागे पडून ‘का टिकलं’ हा प्रश्न पुढे आला, आणि रोगप्रतिकारशक्ती, आनुवंशिकता, सूज हे सगळं चर्चेत आलं. विज्ञानात प्रश्न बदलणं हीच खरी हालचाल असते, असं मला वाटतं. उत्तरं नंतर येतच राहतात.

पण हे झालं ऊतीबद्दल. बाईबद्दलचा विचार वेगळ्याच वाटेनं गेला. बॉस्टनचे जो मेग्ज हे नावाजलेले स्त्रीरोगतज्ज्ञ. त्यांना १९४० च्या दशकात दिसलं की हा आजार मोफत वॉर्डातल्या गरीब बायकांपेक्षा खाजगी रुग्णांत अधिक आढळतो. निष्कर्ष त्यांनी काढला तो असा, की सुखवस्तू घरांत लग्नं आणि मुलं उशिरा होतात, म्हणून हा आजार होतो. मुली लवकर उजवा, मुलं लवकर होऊ द्या. वाचताना मला आपल्याकडच्या आत्या-मावश्याच आठवतात. ‘लग्न झालं की थांबेल’, ‘एक पोर झालं की पोट मोकळं होतं’ हे सांगायला त्यांना बॉस्टनला जावं लागलं नव्हतं. फरक एवढाच, की आत्याचं म्हणणं घरापुरतं राहतं. मेग्ज यांचं वैद्यकीय मासिकांत छापून आलं आणि पिढ्यान् पिढ्या विद्यार्थ्यांनी ते गिरवलं. ‘करिअर करणाऱ्या बायकांचा आजार’ ही उपाधी याच मातीतली.

औषधंसुद्धा याच साच्यात घडली. बॉस्टनच्याच रॉबर्ट किस्टनर यांनी १९५८ मध्ये संप्रेरकांच्या गोळ्यांनी शरीरात खोटं गर्भारपण आणायचा उपचार मांडला. सत्तरच्या दशकात डॅनाझॉल आलं, त्यानं पाळी बंद पडायची. पण वजन वाढायचं, चेहऱ्यावर लव यायची, काहींचा आवाज जाड व्हायचा. मग खोटी रजोनिवृत्ती आणणारी इंजेक्शनं आली. या औषधांनी अनेकींना आराम पडला, अजूनही पडतो. ते नाकारण्याचं कारण नाही. पण गर्भारपण हाच या आजारावरचा उपाय, ही समजूत मात्र पुराव्याविना तगून राहिली. युरोपीय तज्ज्ञसंघटनेनं २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलं की केवळ आजार बरा करायचा म्हणून कुणालाही गर्भधारणेचा सल्ला देऊ नये. मेग्जनंतर ऐंशीएक वर्षांनी!

ज्यांना हा आजार क्वचितच होतो असं धरलं गेलं, त्या बायकांचं काय झालं, हेही सांगायला हवं. शिकागोचे डोनाल्ड चॅटमन स्वतः कृष्णवर्णीय डॉक्टर होते. कृष्णवर्णीय स्त्रियांच्या ओटीपोटातल्या दुखण्यावर ठरलेलं निदान असायचं जंतुसंसर्गाचं, आणि त्या निदानामागे त्यांच्या चारित्र्याबद्दलचा एक गलिच्छ समज असायचा. चॅटमन यांनी दुर्बिणीतून पाहिलं आणि १९७६ मध्ये लिहिलं: तपासलेल्यांपैकी वीस टक्क्यांहून अधिक जणींना एंडोमेट्रिओसिस होता. म्हणजे मेग्ज यांना दिसली ती आजाराची जात नव्हे. कुणाचं पोट नीट तपासलं जातं, तेवढंच त्यांना दिसलं होतं.

ही गोष्ट आपल्यालाही लागू पडते. हा आजार शहरी, नोकरदार बायकांचा, हे इथेही सर्रास ऐकू येतं. दुर्बिणीची सोय जिथे, तिथेच तो सापडणार. बाकीच्यांच्या वाट्याला ‘पिशवी काढून टाका’ हा सल्ला येतो. बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ स्त्रियांची गर्भाशयं काढली गेली, ही माहिती २०१९ मध्ये सरकारनंच विधिमंडळात दिली. त्यांत ऊसतोडणीच्या फडावर जाणाऱ्या बायकांचा प्रश्न किती मोठा, यावर तेव्हा गदारोळही झाला. त्यांतल्या कुणाला एंडोमेट्रिओसिस होता की नव्हता, हे आता कळायला मार्ग नाही. पण ज्या आजाराची व्याख्याच ‘गर्भाशयाबाहेरची ऊती’ अशी आहे, त्यात नुसती पिशवी काढून दुखणं जाईलच असं नाही.

दुखण्याकडे संशोधकांचं लक्ष खऱ्या अर्थानं वळलं ते अगदी अलीकडे. फ्लोरिडात कॅरेन बर्कली आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की या ऊतीत स्वतःच्या मज्जातंतूंच्या शाखा फुटतात. २००५ मध्ये त्यांनी ‘सायन्स’मध्ये मांडणी केली की डागाचा आकार आणि दुखण्याची तीव्रता यांचा मेळ बसत नाही, कारण दुखणं डागापुरतं राहत नाही, मज्जारज्जू आणि मेंदूसुद्धा त्यात ओढले जातात. वर्षानुवर्षं दुखत राहिलं की दुखण्याची यंत्रणाच हुळहुळी होते. २०२३ मध्ये ६० हजारांहून अधिक रुग्णांच्या जनुकीय अभ्यासातून या आजाराशी जोडलेल्या जनुकसंचातल्या ४२ जागा पुढे आल्या, आणि या आजाराचा वारसा अर्धशिशी, पाठदुखी यांच्या वारशाशी काही अंशी जुळतो असं दिसलं. चरकसंहितेत वीस योनिव्यापदांपैकी उदावर्तिनी ही व्याधी, पाळीचं रक्त सुटलं की आराम पडतो, या दुखण्याच्या तऱ्हेवरून ओळखलेली आहे. तीच ही, असं म्हणणं ओढूनताणून होईल. पण दुखणं हे रोगाचं लक्षण म्हणून नीट ऐकायचं असतं, एवढं तिथे गृहीत आहे.

उलट, याच क्षेत्रात २०१२-१३ मध्ये काय छापलं गेलं पाहा. इटलीतल्या डॉक्टरांनी या आजाराच्या स्त्रिया इतरांपेक्षा आकर्षक असतात का, याचा अभ्यास केला. तो प्रसिद्ध झाला ‘फर्टिलिटी अँड स्टर्लिटी’मध्ये, म्हणजे तक्ता करणाऱ्या संघटनेच्याच मासिकात. निबंध मागे घेतला गेला २०२० मध्ये. अशा अभ्यासाला परीक्षक, संपादक, छपाई सगळं मिळालं, यापरता या क्षेत्रावर टीका करायला मला शब्द नाहीत.

त्या २०२३ च्या जनुकीय अभ्यासातले रुग्ण युरोपीय आणि पूर्व आशियाई वंशाचे होते. भारतीय स्त्रिया त्यात जवळजवळ नाहीतच. ती उणीव भरून काढायचं काम मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रजनन व बालआरोग्य संशोधन संस्थेत डॉ. राहुल गजभिये यांच्या पुढाकारानं चालू आहे. देशभरातल्या रुग्णालयांतून रुग्णांची माहिती आणि नमुने एकाच पद्धतीनं गोळा केले जात आहेत, आणि त्या प्रश्नावलीत दुखण्याबद्दलही विचारलं जातं.

तोवर घरात करण्यासारखं एक आहे. मुलीची पाळीत शाळा किंवा कॉलेज बुडत असेल, गोळीनं भागत नसेल, शौचाला बसताना कळ येत असेल, तर दोन-तीन महिने तारखा आणि दुखण्याची जागा वहीत लिहून ठेवा आणि ती वही घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा. सोनोग्राफी नॉर्मल आली तरी एंडोमेट्रिओसिस असू शकतो, हे डॉक्टरांना ठाऊक असतं. तुम्हालाही ठाऊक आहे हे त्यांना कळू द्या. आणि ‘लग्नानंतर बघू’ असं कुणी म्हणालं, तर दुसरा डॉक्टर गाठा.