केडगावची उपकारस्तुती

भिलाईजवळच्या जामुलमध्ये सिमेंट कारखान्यातलं ठेक्यावरचं काम सुटलं की घरगुती प्रार्थनासभेत कुणीतरी म्हणतंच, या प्रसंगाबद्दलही देवाचे आभार माना. हेतू वाईट नसतो. पण त्यानंतर थकलेल्या मजुरीचा विषय काढणारा अल्पविश्वासी ठरतो. याच भिलाईत १९९१ साली कामगार नेते शंकर गुहा नियोगींचा खून झाला आणि १ जुलै १९९२ ला रुळांवर बसलेल्या कामगारांवर गोळीबार झाला. इथे तरी उपकारस्तुतीने कुणाचं तोंड बंद करू नये.

आधाराला पौल असतोच. पण सर्व स्थितीत आभार मानायला सांगणारा हाच पौल करिंथकरांना कळवतो, की आशियात आम्ही जगण्याचीही आशा सोडली होती. शरीरातला काटा काढावा म्हणून त्याने प्रभूला तीनदा विनवलं. खुद्द येशूने धरून दिला जाण्याच्या रात्री आभार मानले ते भाकरीबद्दल. थोड्याच वेळात, गेथशेमानेत, तो प्याला टळावा म्हणून विनवत होता. ईयोबाचा पहिला अध्याय मंडळीत सगळ्यांना पाठ असतो. तिसऱ्यात तो आपल्या जन्मदिवसाला शाप देतो, आणि शेवटी देव त्याच्या मित्रांवर रागावून त्याचंच बोलणं योग्य ठरवतो, तिथवर सहसा कुणी पोचत नाही. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं.

मधली शतकं सोडून देऊ. मार्टिन रिंकार्टचं नाव मात्र घ्यावं लागेल, कारण १६३७ च्या प्लेगमध्ये आयलेनबुर्गला हजारो प्रेतं पुरणाऱ्या या पाळकाचं आभारगीत प्लेगबद्दलचंच असल्यासारखं सांगितलं जातं. मुळात ती जेवणाच्या वेळची घरगुती प्रार्थना होती. पुन्हा भाकरच.

आपल्याकडे सर्वांत चुकीच्या वाचल्या गेल्या त्या पंडिता रमाबाई. दुष्काळ आला, त्यांनी हात जोडले, देवाने पुरवलं, एवढीच गोष्ट संडे स्कूलमध्ये उरली आहे. रमाबाईंना भूक ऐकून माहीत नव्हती. १८७० च्या दशकात आई, वडील आणि बहीण त्यांनी उपासमारीच्या दिवसांत गमावली होती. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या (आजचं दुर्ग-भिलाई तेव्हा त्याच प्रांतात होतं) आणि शेकडो मुली-बायकांना घेऊन परतल्या. तिथल्या सरकारी गरीबखान्यांत बायकांचे काय हाल होतात, तेही त्यांनी लिहून छापलं. १८९७ मध्येच पुण्यात प्लेग होता. रमाबाईंच्या आश्रमातल्या एका मुलीवर प्लेगच्या सरकारी व्यवस्थेत जे गुदरलं, त्याबद्दल त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये उघड पत्र लिहिलं. मुंबईच्या गव्हर्नरने आरोप फेटाळले. ज्या सरकारच्या अमलाखाली आश्रम चालायचा त्याच्याशीच हे वैर, आणि तेही केडगावला त्यांचं मुक्ती मिशन उभं राहत असताना! पुढे १९०७ मध्ये लिहिलेल्या साक्षीत याच बाई देवाचे भरभरून आभार मानतात. चरित्रकार म्हणतात, आधीच्या बंडखोर रमाबाई निवळल्या आणि भक्तीण झाल्या. मला हे उलटं वाटतं. १८९७ च्या पत्रामागे जो देव आहे तोच १९०७ च्या साक्षीत आहे. जो खायला देतो तो उपाशी ठेवणाऱ्याच्या बाजूचा नसतो, एवढा भरवसा असल्याशिवाय ते पत्र लिहवलं नसतं.

खरा सांधा बदलला तो फार अलीकडे. अमेरिकी लष्करातले पाळक मर्लिन कॅरदर्स यांचं ‘प्रिझन टू प्रेझ’ १९७० मध्ये आलं आणि भाषांतरांतून जगभर गेलं. वाईट गोष्टीबद्दलही आभार माना, मग परिस्थिती पालटते, हा त्याचा सूर. इथे आभार साधन झाले. आज जामुलच्या सभेत पौलाच्या नावावर खपतं ते बहुधा हेच. आणि परिस्थिती पालटली नाही, तर आभारच कमी पडले असं सांगण्याची सोयही त्यात आहे. रमाबाईंची मंडळी असती तर प्रार्थना झाल्यावर पाळक त्या कामगाराबरोबर ठेकेदाराच्या कचेरीत हजेरीकार्ड घेऊन गेले असते, आणि परत येताना कुणाच्या तरी घरी जेवायला बसून ताटावर आभारही मानले असते.