राऊटर कोणाचा?

आपल्या मंडळात मला 'कॉम्प्युटरवाले' म्हणून ओळखतात. प्रोजेक्टर रुसला, कोणाचा वाय-फाय अडला, गणपतीत माईक शिट्ट्या मारू लागला की हाक मला येते. ही ओळख मला मनापासून आवडते. आधीच कबूल करून टाकतो, कारण हा लेख त्या आवडीपायी लागलेल्या एका ठेचेविषयी आहे.

राऊटर म्हणजे घराच्या कोपऱ्यात दिवे लुकलुकवत बसलेली ती डबी. तिच्यात एक चिमुकला संगणक असतो आणि त्याला चालवणाऱ्या प्रोग्रॅमला म्हणतात फर्मवेअर. बहुतेकांना त्याच्याशी काही कर्तव्य नसतं, आणि ते योग्यच आहे. पण काही लोकांना (आमच्या हिच्या शब्दांत 'काही रिकामटेकड्यांना') कंपनीने घातलेलं फर्मवेअर पुसून स्वतः तयार केलेलं घालायची हौस असते. मी त्यांच्यातला.

ह्या हौसेचा इतिहास वाचण्यासारखा आहे. २००२ च्या अखेरीस लिंक्सिस कंपनीने डब्ल्यूआरटी५४जी नावाचा निळा-काळा राऊटर बाजारात आणला. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी तो असेल. २००३ मध्ये सिस्कोने ती कंपनी विकत घेतली, आणि त्याच वर्षी प्रोग्रॅमर मंडळींच्या लक्षात आलं की ह्या डबीच्या पोटात लिनक्स आहे. लिनक्स फुकट मिळतं, पण जीपीएल नावाच्या परवान्याखाली. त्याची दुसरी आवृत्ती १९९१ ची. अट साधी आहे: तुम्ही हे वापरा, बदला, विका, पण ज्याच्या हाती तयार प्रोग्रॅम द्याल त्याला त्याचा सोर्स कोडही मिळाला पाहिजे. ओरड झाली, आणि त्याच वर्षी कंपनीने कोड खुला केला. त्या कोडमधून २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला. पुढे २००८ च्या डिसेंबरात फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने ह्याच परवान्यावरून सिस्कोवर दावा लावला आणि २००९ मध्ये तो समझोत्याने मिटला. मी त्या वेळी चवीने ह्या बातम्या वाचत असे. 'फुकट घेतलंत, मग पुढे द्यायला काय झालं?' असं सात्त्विक संतापाने जेवणाच्या टेबलावर बोलल्याचंही आठवतं. आपल्याकडे ऋषिऋण म्हणतात ते हेच, असं एक वाक्यही मी चिकटवलं होतं.

२०१९ साली मी कोथरूडला आईसाठी एक राऊटर घेऊन जायचं ठरवलं. व्हिडिओवर बोलताना चित्र अडखळायचं, आवाज तुटायचा. ओपनडब्ल्यूआरटीत त्यावर चांगला उपाय आहे. तयार फर्मवेअर उतरवून घेता येतं, पण मी म्हटलं, आईसाठी करतोय तर सोर्सपासून करू. विकतचं पीठ कशाला, घरीच दळू.

ज्यांनी हे केलेलं नाही त्यांना त्यातली गंमत सांगतो. आधी सगळा सोर्स कोड उतरवायचा. मग एक लांबलचक यादी समोर येते: राऊटरची चिप कोणती, कुठले भाग हवेत, कुठले नकोत. एकेका ओळीपुढे खूण करत जायचं. मग 'मेक' अशी आज्ञा द्यायची आणि चहा करायला जायचं. चहा, जेवण, झोप. कारण लॅपटॉपची चिप एका जातीची आणि राऊटरची दुसऱ्या. तेव्हा पहिल्यांदा लॅपटॉपवर राऊटरच्या भाषेत लिहू शकणारा कंपाइलरच तयार होतो, आणि मग तो कंपाइलर बाकीचं सगळं तयार करतो. म्हणजे स्वयंपाकाआधी भांडी घडवण्यापासून सुरुवात. माझ्या जुन्या लॅपटॉपचा पंखा रात्रभर घरघरत होता. सकाळी सगळं मिळून काही एमबीची एक फाईल तयार! तो आनंद मला पहिल्या नोकरीच्या पगाराइतका वाटला.

खरं तर त्यातली एक ओळसुद्धा मी वाचली नव्हती. केन थॉम्प्सनने १९८४ मध्ये छापलेल्या आपल्या ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात दाखवून दिलं होतं की कंपाइलरमध्येच लबाडी लपवली असेल, तर सोर्स कोड कितीही स्वच्छ असला तरी तयार प्रोग्रॅमवर डोळे मिटून भरवसा ठेवता येत नाही. म्हणजे दळलं मी, पण गहू कोणाचे आणि जातं कोणाचं? तरीही मला ते 'माझं' वाटत होतं, आणि पुढचं सगळं त्यातूनच घडलं.

त्या यादीत लूसी नावाची एक ओळ होती. राऊटरच्या सेटिंग्ज ब्राउझरमध्ये बटणांनी बदलायचं जे पान असतं, ते तिच्यामुळे येतं. स्वतः कंपाइल करताना ते आपोआप येत नाही, खूण करावी लागते. मी केली नाही. जागा कमी पडत होती असं नाही, मला त्याची गरज नव्हती एवढंच. शिवाय पासवर्डने आत शिरण्याची सोय बंद केली. फक्त माझ्या लॅपटॉपमधल्या डिजिटल किल्लीनेच दार उघडेल असं करून ते फर्मवेअरमध्येच भाजून टाकलं. आता रीसेटचं बटण दाबलं तरी राऊटर पुन्हा माझ्याच हुकमात यायचा.

तीन वर्षं सगळं झकास चाललं. त्या दरम्यान तो लॅपटॉप गेला आणि त्याच्याबरोबर किल्ली, खुणांची यादी, मी केलेले बारीकसारीक बदल, सगळंच गेलं. २०२२ च्या जूनमध्ये आईने इंटरनेटची कंपनी बदलली. बसवायला आलेल्या मुलाला राऊटरमध्ये फक्त नवीन नाव आणि पासवर्ड घालायचा होता. त्याला पान दिसेना. त्याने रीसेट केलं, पुन्हा तेच. फेलसेफ नावाची एक चोरवाट असते, पण तिथेही काळ्या पडद्यावर कमांड टाइप कराव्या लागतात. मी एडिसनमधून फोनवर आईकरवी ते करवून घ्यायचा प्रयत्न केला. ते संभाषण इथे देत नाही. तो मुलगा जाताना म्हणाला, ''काकू, तुमच्या मुलाने ह्याला कुलूप घालून ठेवलंय.''

आईचा फोन बटणांचा, टॅबलेट वाय-फायवर चालणारा. अकरा दिवस ती नेटशिवाय होती. त्या अकरा दिवसांत आमच्या मुलीचं हायस्कूलचं ग्रॅज्युएशन झालं, जे आजी तिकडून बघणार होती. त्यासाठी ती रात्री जागणारही होती. आई मला बोलली काहीच नाही. ''फोटो पाठव हो'' एवढंच म्हणाली. शेवटी शेजारच्या मुलाने दीड हजाराचा साधा राऊटर आणून लावला.

तो 'कुलूप' शब्द मात्र माझ्या डोक्यातून जाईना. मी जीपीएल पुन्हा काढून वाचला. त्यात सोर्स म्हणजे नुसता कोड नाही. कंपाइल करायच्या आणि बसवायच्या स्क्रिप्टही त्यात धरल्या आहेत. आणि 'देणं' म्हणजे विकणंच असंही नाही. मी आईला राऊटर भेट दिला, म्हणजे तयार प्रोग्रॅम दिला. तो कोड मागण्याचा तिचा हक्क होता आणि द्यायला माझ्याकडे तो उरलाच नव्हता. २००३ साली जे दुसऱ्यांना सुनावलं, तेच मी माझ्या आईशी केलं होतं.

एका मित्राला हे सांगितलं तर तो हसला. ''अरे, काकूंना सोर्स कोड देऊन काय त्या तो वाचणार होत्या?'' प्रश्न बरोबर आहे आणि मी त्यावर बरेच दिवस विचार केला. आईला मिक्सरही उघडता येत नाही. पण तो बिघडला तर कोणाकडे न्यायचा, हे ती ठरवते. दुरुस्ती करता येणं वेगळं आणि दुरुस्तीला कोणाला बोलवायचं हे ठरवता येणं वेगळं. हा दुसरा हक्क मी काढून घेतला होता, आणि तोही प्रेमाने. आपण परदेशातले मुलगे-मुली आईवडिलांच्या घरात असं बरंच काही 'बसवून' येतो. कॅमेरे, ॲप, बँकेचे पासवर्ड. विचारतो किती जणांना? मी तर विचारलंच नव्हतं.

डिसेंबरात गेलो तेव्हा खटपट करून त्या जुन्या राऊटरवर प्रकल्पाचं तयार फर्मवेअर घातलं, बटणांच्या पानासकट. पासवर्ड आणि चार सूचना एका वहीत मराठीत लिहिल्या. आई शेजारी बसून बघत होती. नाव बदलायची जागा दाखवली तर म्हणाली, ''हे मी बदलू का?'' म्हटलं, ''बदल की.''

मी ठेवलेलं इंग्रजी नाव पुसून तिने सावकाश, एकेक अक्षर शोधत, 'आईचं घर' लिहिलं. मग पासवर्डही बदलला. माझ्या फोनचं नेट ताबडतोब गेलं. नवीन पासवर्ड विचारला तर म्हणाली, ''आधी जेवून घे.''