बर्फाचा हिशेब

जपानच्या निइगाता प्रांतात डोंगराकडच्या गावांत माणूसभर उंचीचा बर्फ साचतो, तो थंडीच्या कडाक्यापेक्षा शेजारच्या समुद्रामुळे. सैबेरियाहून निघालेले कोरडे वारे वाटेत समुद्राची वाफ पितात आणि डोंगर आडवा आला की ती तिथेच रिकामी करतात. आपल्या घाटमाथ्यावर पाऊस कोसळतो तसंच. हा बर्फ ओला आणि जड असतो. छपरावर साचू दिला तर घर मोडेल, म्हणून वर चढून तो खाली ढकलावा लागतो. त्यात दर हिवाळ्यात माणसं दगावतात, आणि त्यांत बरेचसे म्हातारे असतात. तरुण कधीच शहरांकडे गेलेले.

शिओझावाचे व्यापारी सुझुकी बोकुशी यांनी १८३७ मध्ये या मुलखावर ‘होकुएत्सु सेप्पु’ हे पुस्तक प्रसिद्ध केलं. एदोवाल्यांना, म्हणजे आजच्या टोकियोकरांना, बर्फ म्हणजे मौज, आम्हाला मात्र राबणूक, हा त्यातला सल. गंमत अशी, की ते स्वतः ‘चिजिमी’ कापडाचा व्यापार करत. या कापडाचा, रॅमी नावाच्या वनस्पतीचा धागा कोरड्या हवेत तुटतो, बर्फाळ महिन्यांच्या दमट हवेत टिकतो. विणलेलं कापड हिवाळा सरताना उन्हात बर्फावर पसरून उजळवतात. ज्या बर्फाबद्दल तक्रार, त्याच्यावरच पोट. २००९ साली युनेस्कोने या विणकामाला वारशाच्या यादीत घेतलं.

‘बर्फ म्हणजे पांढरं सोनं’ असं हल्ली उत्साहाने बोललं जातं, तेव्हा मला हिशेब करावासा वाटतो. शून्य अंशावरचा एक टन बर्फ वितळताना सुमारे ९३ युनिट (किलोवॅट-तास) उष्णता शोषतो. चांगला एसी तेवढी उष्णता तीसेक युनिट विजेत बाहेर काढतो. म्हणजे एक टन बर्फाची किंमत तीस युनिट वीज, तीही उन्हाळ्यापर्यंत तो टिकवता आला तर. एवढ्यासाठी लांबून ट्रकने बर्फ आणणं आतबट्ट्याचंच.

तरीही काही ठिकाणी हे जमतं, कारण तिथे बर्फ हलवण्याचा खर्च आधीच झालेला असतो. होक्काइदोच्या न्यू चितोसे विमानतळावरून बर्फ हटवावाच लागतो. तो साठवून २०१० पासून उन्हाळ्यात टर्मिनल गार ठेवतात. स्वीडनमध्ये सुंद्सवालच्या रुग्णालयात शहरातला बर्फ लाकडाच्या ढलप्यांखाली झाकून ठेवतात आणि उन्हाळ्यात तोच गारवा देतो. निइगातात ‘युकिमुरो’ या बर्फाच्या कोठारांत तांदूळ, साके, बटाटे ठेवतात. बटाट्यातल्या स्टार्चची तिथे साखर होते आणि तो गोड लागतो. बर्फ दूर विकता येत नाही, त्यात मुरलेला माल विकता येतो. चिजिमीचंही तेच.

सगळ्याच युक्त्या इतक्या स्वस्तात पडत नाहीत. निइगातातल्याच नागाओका शहराने रस्त्यांवर भूजल फवारून बर्फ वितळवण्याची पद्धत रुळवली. रस्ते मोकळे झाले, पण अतोनात उपशाने मिनामिउओनुमासारख्या ठिकाणी जमीनच खचू लागली.

आणि छपरांवरचा बर्फ या हिशेबात कुठेच बसत नाही. विमानतळावर यंत्रं आहेत, पगारी माणसं आहेत; एकट्या आजीच्या घरावर कोण चढणार? घसरत्या किंवा वितळवणाऱ्या छपरांची नवी घरं बांधायला नगरपालिका अनुदान देतात, पण ऐंशीच्या वयात नवं घर कोण बांधायला घेतं? कोठारावर पैसा घालण्याआधी त्या छपरावर पगारी माणूस चढवायला हवा. त्याने खाली ढकललेला बर्फ कोठाराला फुकटच मिळेल.