हलकं कोण, ओझं कोणाचं?

दिवाळीच्या सुमारास तळोद्यातून अस्तंब्याच्या डोंगराकडं माणसांची रांग लागते. गुजरातेतून, मध्यप्रदेशातून, इथल्या पाड्यापाड्यांतून. अश्वत्थामा कपाळाच्या जखमेला तेल मागत त्या डोंगरात हिंडतो म्हणतात. आपला त्याच्याशी काही संबंध नाही. मी रस्त्याच्या कडेला उभा राहून फक्त चालणाऱ्यांच्या पाठी बघतो. भाकरी, पाणी, पांघरूण, ज्याचं त्याच्याकडं.

यंदा ती रांग बघत असतानाच पुण्याच्या मित्राचा फोन आला. आपलाच पोरगा, वसतिगृहात एका ताटात जेवलेला, आता बरी नोकरी आहे. म्हणाला, सातपुड्यात तीन दिवस चालायचं. सामान रोज सकाळी जीपनं पुढच्या मुक्कामी जाईल. आपण नुसती पाण्याची बाटली घेऊन हलकं चालायचं. परदेशात असंच करतात म्हणे. ते खरंय. स्पेनमध्ये सांतियागोच्या वाटेनं चालणाऱ्यांच्या पिशव्या तिथलं टपालखातंच गाडीतून पुढच्या गावी पोचवतं. पंढरीच्या वाटेवर दिंड्यांचेही ट्रक असतात. तंबू, भांडी, वळकट्या त्यात.

मी हो म्हणालो नाही, नाही पण म्हणालो नाही. तो 'हलकं' शब्द घशात अडकला.

दोस्तांनो, हा शब्द जरा हातात घेऊन बघा. वजनाला कमी ते हलकं. जात खालची, ती पण हलकी. घाणीचं काम, ते हलकं काम. म्हणजे ज्याच्या डोक्यावर गावाचं ओझं, त्यालाच गावानं हलका ठरवलं. आणि ज्याचं ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर, तो वजनदार माणूस! भाषा अशी उलटी कशी झाली हे पंडिताला विचारायला नको. आपल्या आज्याला विचारलं असतं तर त्यानं नुसती मान दाखवली असती.

साहेबाचा दौरा निघाला की त्याचं सामान एका गावच्या महारानं पुढच्या गावापर्यंत न्यायचं, तिथून त्या गावच्यानं. मुक्कामावरून मुक्कामावर सामान पोचवायची सोय काही नवी नाही. तेव्हा तिला वेठ म्हणत. १८७४ च्या वतन कायद्यानं तिच्यावर सरकारी शिक्का मारला. बदल्यात जमिनीचा तुकडा आणि बलुतं. वतनदार घरी नसला तर बापाला धरा, भावाला धरा. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात हा कायदा दुरुस्त करायचं विधेयक आणलं. वतनं जायला १९५८ चा कायदा यावा लागला. तीस वर्षं! आणि भिलांनाही वेठ चुकली नव्हती. इथं शहादा-तळोद्यात १९७२ च्या सुमारास अंबरसिंग महाराजांबरोबर आदिवासी उठले, ते जमिनीसाठी आणि सालदाराच्या मजुरीसाठी.

पण याला दुसरी बाजू आहे, ती आपल्याच खानदेशातली. १९२९ साली बाबासाहेब चाळीसगावला उतरले. टांगेवाला टांगा भाड्यानं द्यायला तयार, पण महाराला बसवून हाकायला तयार नाही. शेवटी आपल्यातल्याच एकानं लगाम धरला. त्याला सवय नव्हती. टांगा आदळला, बाबासाहेब फेकले गेले, पाय मोडला. म्हणजे दुसऱ्याला वाहणं आपल्याला सक्तीचं आणि दुसऱ्यानं आपल्याला वाहणं पाप. पैसे मोजूनसुद्धा! म्हणून आपला पोरगा आज पैसे टाकून आपली पिशवी जीपमध्ये ठेवतो, त्याला मी हसणार नाही. त्याच्या आज्याच्या मानेला तेवढं देणं लागतं.

आता माझी गोष्ट सांगतो, ती सांगायला बरी वाटत नाही. काही वर्षांपूर्वी आम्ही पाच जण धडगावकडच्या पाड्यांवर पुस्तकं घेऊन निघालो. रस्ता संपला, चढ लागला. बाजारातून परतणारा एक पावरा माणूस भेटला. दोनशे रुपये ठरले, पुस्तकांची पिशवी त्यानं खांद्यावर घेतली. माझी पाठ मोकळी झाली तशी जीभ पण मोकळी झाली. मी समतेवर बोलत होतो. तो मागं, गप. एका वळणावर म्हणाला, "साहेब, थोडं थांबू का?"

थांबायला परवानगी मागत होता. माझ्याकडं!

वर पोचल्यावर आम्ही ओट्यावर बसलो, तो अंगणात उभा राहिला. उभा राहा असं कुणी म्हणालं नव्हतं. बस असंही कुणी म्हणालं नव्हतं.

एक साथी म्हणाला, पैसे दिले ना, मग वेठ कसली? पैशाचा फरक लहान नाही. त्याला तुच्छ म्हणणाऱ्याचं पोट भरलेलं असतं. हमालांनी लढून १९६९ चा माथाडी कायदा आणला, तेव्हा दर, हजेरी, फंड कागदावर आले. पेरू देशात डोंगरातल्या भारवाहकांसाठी २००१ साली कायदा झाला, वीस किलोच्या वर ओझं द्यायचं नाही. हे सगळं मोलाचं आहे. पण माझ्या मागून चालणाऱ्याजवळ यातलं काय होतं? वजन मी ठरवलं, चाल मी ठरवली, दर पण खरं तर मीच सांगितला. आणि नाही म्हणायची सोय? बाजारात त्याला त्या दिवशी काय मिळालं होतं, हे मी विचारलंच नाही.

मग ओझं उचलणंच वाईट का? आपल्यातले काही तरणे तसं बोलतात. आता डोक्यावर काही घेणार नाही म्हणतात. राग बरोबर आहे, पण पुरा नाही. त्याच डोंगरात बाळंतिणीला, आजाऱ्याला बांबूच्या झोळीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणावं लागतं. पेपरवाले त्याला 'बांबूलन्स' म्हणतात. त्यात गंमत काय ते मला कळत नाही. पण तिथं खांदे बदलतात. एक दमला की न विचारता दुसरा पुढं होतो, आणि दमलेला थांबू का म्हणत नाही. आपल्या सभा संपल्यावर सतरंज्या कोण गुंडाळतं, कप कोण धुतं, हे पण एकदा बघा. बहुतेक वेळा त्याच दोन बाया आणि तेच एक पोरगं.

परवा मित्राचा पुन्हा फोन आला. गाडी ठरली, तारीख ठरली, तू येतोस ना? मी विचारलं, "जीप जिथं थांबते, तिथून पुढं पिशव्या कोण नेणार?"

"अरे, मिळतात की तिथं पोरं," तो म्हणाला.