वेळीच दिलेला नकार

मुलुंडच्या पूर्वेस ज्या इमारतीत माझे वास्तव्य आहे तिच्या जिन्यावरून फायबरची बारीक काळी तार माझ्या घरात आली, त्याला आता काही वर्षे लोटली, आणि तरीही दर रविवारी रात्री परदेशी असलेली माझी कन्या पडद्यावर बोलावयास येई तेव्हा, पहिली पाच मिनिटे स्वच्छ गेल्यावर, तिचा आवाज माझ्या प्रश्नाच्या बराच मागून येऊ लागे, उत्तर आले नाही म्हणून मी तोच प्रश्न पुन्हा करी, तेवढ्यात पहिल्याचे उत्तर येऊन थडके, आणि “बाबा, ऐकू येतंय का?” ह्या एका वाक्यावाचून आमच्या संभाषणात दुसरे काही उरत नसे. तक्रार नोंदविली की दरवेळी एकच इलाज सुचविण्यात येई : अधिक वेगाची योजना घ्या. ती मी घेतली. विलंब होता तेवढाच राहिला.

माझा भाचा एकदा रविवारचा घरी होता. त्याने संगणकावर पिंग सुरू केले, म्हणजे एक इवलासा निरोप दूरच्या यंत्राकडे पाठवून त्याची पोच किती वेळात येते हे दर सेकंदाला मोजावयाचे. आकडा 9 मिलिसेकंदांवर स्थिर होता. मग त्याने नातवाच्या फोनमधले दिवसभराचे व्हिडिओ वर चढविण्यास लावले. आकडा 40 झाला, 300 झाला, आणि 1100 च्या आसपास जाऊन बसला. चढविणे थांबविताच दोन सेकंदांत पुन्हा 9. “मामा, तार तीच आहे ना?” एवढेच तो म्हणाला.

काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो. तेव्हा ह्या 1100 मिलिसेकंदांत निरोपाने पृथ्वीला पाच प्रदक्षिणा घातल्या असत्या. तो प्रवासात नव्हता, कोठे तरी तिष्ठत उभा होता. आणि ते ठिकाण माझ्याच दिवाणखान्याच्या भिंतीवर, दोन हिरवे दिवे लुकलुकणाऱ्या राउटरच्या पेटीत होते. बाहेर जाणारी तार भरली की येणारी पॅकेटे, म्हणजे माहितीच्या लहान पुड्या, ज्या स्मृतीत रांगेने उभी केली जातात तिला बफर म्हणतात. 1500 बाइटांची 1000 पॅकेटे मावतील एवढी जागा त्या पेटीत असली, तर ती भरल्यावर 1 कोटी 20 लाख बिट साचतात. सेकंदाला 1000 मेगाबिटांच्या तारेवर ते 12 मिलिसेकंदांत निकालात निघतात, परंतु माझा वर पाठविण्याचा वेग 10 मेगाबिट असल्यामुळे तेथे त्यांना 1.2 सेकंद लागतात. मुलुंडच्या जकात नाक्यावर 1 जुलै 2017 पूर्वी ट्रकांच्या ज्या रांगा लागत त्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे समजावयास कठीण नाही : कारकून तेवढेच ठेवून नाक्यापुढचे मैदान दुप्पट केल्याने एकही ट्रक लवकर सुटत नाही, केवळ दुप्पट ट्रक मैदानात अडकतात.

मग एवढे मैदान राखले कोणी, आणि का? स्मृती स्वस्त झाली, आणि एकही पॅकेट वाया जाऊ नये ही भावना कारागिरांच्या मनात दृढ होती. वरवर पाहता ती सद्भावनाच आहे. साठवणीला आपण सद्गुण मानतो, आणि कणगीतल्या धान्याच्या बाबतीत ते यथार्थही आहे. परंतु बोललेल्या शब्दाचे मोल क्षणाक्षणाने उतरत असते. शिवाय ह्या साठवणीत एक गंभीर दोष आहे. इंटरनेटवर पाठविणारे यंत्र प्रत्येक पॅकेटाच्या पोचपावतीची वाट पाहते, पावत्या येत आहेत तोवर वेग वाढवीत जाते, आणि एखादे पॅकेट हरवले की वाट भरली असे समजून माघार घेते. 1986 च्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि तेथून अवघ्या 400 यार्डांवरचे विद्यापीठ यांमधली वाहतूक सेकंदाला 32 हजार बिटांवरून 40 बिटांवर घसरली, त्यातून व्हॅन जेकबसन यांनी 1988 मध्ये हा माघारीचा विवेक सिद्ध केला. हरवणे ही त्यात वार्ता आहे. आणि जी पेटी काहीच हरवू देत नाही ती वार्ताच दडपून ठेवते. निकाल न देता प्रत्येक अर्ज दाखल करून घेणाऱ्या दप्तराविषयी आपल्या लोकांना जो कटू अनुभव आहे तो हाच होय; अर्जदाराला त्याच दिवशी नकार मिळता, तर त्याने दुसरा दरवाजा ठोठावला असता. अशा स्वीकाराला मी सौजन्य मानीत नाही.

जॉन नेगल यांनी 1985 मध्येच दाखविले होते की अमर्याद साठवण असलेले जाळेही अतिभाराखाली कोलमडते. तो इशारा विस्मृतीत गेला. 2010 मध्ये बेल लॅब्जचे जिम गेटिस घरून मोठ्या फायली पाठवीत असता त्यांनाही सेकंदाहून अधिक विलंब आढळला, आणि त्या व्याधीला त्यांनी बफरब्लोट हे नाव दिले. 2012 मध्ये कॅथलीन निकल्स व जेकबसन यांनी तिच्यावर जो उपाय मांडला त्याची मौज अशी की तो रांगेची लांबी मोजत नाही, थांबण्याचा काळ मोजतो : 100 मिलिसेकंदांच्या मुदतीत सर्वांत कमी थांबलेल्या पॅकेटालाही 5 मिलिसेकंदांहून अधिक तिष्ठावे लागले, तर एक पॅकेट मुद्दाम टाकून द्यावे. पाठविणारा लवकरच सावध होतो.

पुढे ह्यात आणखी एक न्याय्य व्यवस्था जोडली गेली. घाटकोपर स्थानकाबाहेर शेअर रिक्षाच्या रांगेत एखाद्या लग्नाचे चाळीसजणांचे वऱ्हाड एकदम उभे राहिले, तर मागच्या एकट्या बाईने चाळीसही जणांची वाट पाहावी काय? प्रत्येक कुटुंबाची रांग निराळी धरून दर रिक्षात त्यांतून आळीपाळीने माणसे बसविली, तर ती दुसऱ्या-तिसऱ्या रिक्षातच निघेल, आणि वऱ्हाडाला त्याचा उपद्रव जाणवणारही नाही. व्हिडिओचा लोंढा हे वऱ्हाड. कन्येचा आवाज ती एकटी बाई.

ह्या दोन्ही युक्त्या अनेक राउटरांत आज उपलब्ध असतात, परंतु बंद असतात. पुढच्या रविवारी भाच्याने बाजारातून तसा राउटर आणून जुन्या पेटीच्या अलीकडे जोडला आणि त्यात वर पाठविण्याची मर्यादा 10 ऐवजी 9 मेगाबिट घातली, जेणेकरून रांग पुढच्या आंधळ्या पेटीत न साचता ह्या डोळस पेटीतच राहावी. एक मेगाबिट गमावल्याचे वैषम्य मला क्षणभरही वाटले नाही.

त्या रात्री नातवाचे व्हिडिओ चढतच होते. पडद्यावर कन्या चहा गाळीत उभी होती. तिने विचारले, “बाबा, पाऊस लागलाय का तिकडे?” मी काही न बोलता फोन खिडकीशी नेला, आणि पत्र्यावर थेंब वाजत असतानाच ती म्हणाली, “हो, ऐकू येतोय.”