नियमावर ठेवलेलं बोट

१९७२ साली ब्रिटिश रेल्वेच्या कामगारांनी पगारवाढीसाठी संप पुकारला नाही; त्यांनी नियमपुस्तिका उघडली. त्यात लिहिलेलं अक्षर न् अक्षर पाळायचं ठरवलं, जादा काम बंद केलं, आणि वेळापत्रक कोलमडलं. सरकार कोर्टात गेलं. अपील न्यायालयात न्यायाधीश लॉर्ड डेनिंग यांनी दिलेलं उदाहरण मार्मिक आहे: स्टेशनवर सोडायला मी माणूस ठेवला. वेळ भरपूर होता म्हणून 'घाई कर' असं बजावलं नाही. माझी ट्रेन चुकावी म्हणूनच त्यानं गाडी मुद्दाम रेंगाळत नेली आणि ट्रेन चुकलीच. 'स्टेशनवर सोडलं की!' असं तो म्हणेल, पण करार त्यानं मोडलाच. मालकाचं काम अडवण्यासाठी नियमांचा अवाजवी अर्थ लावणं हा करारभंग, असा निकाल लागला.

निकाल मला पटतो. उपाय म्हणून मात्र तो फुसका निघाला. त्यापाठोपाठ सरकारनं कामगारांचं मतदान घ्यायला लावलं, तर त्यांनी प्रचंड बहुमतानं आंदोलनालाच कौल दिला. नियमपुस्तिकेतली भोकं रोज आपल्या अकलेनं बुजवणं ही त्या माणसांची मेहेरबानी होती. ती कोर्टाच्या हुकमानं कशी वसूल होणार?

आपल्या कचेऱ्यांत नियमावर बोट ठेवलं जातं ते बहुधा बंडापोटी नाही, भीतीपोटी. महाराष्ट्राच्या २००५ च्या दप्तर दिरंगाई कायद्यात अशी तरतूद आहे की सामान्यतः कोणाही कर्मचाऱ्याकडे फाइल कामकाजाच्या सात दिवसांपेक्षा जास्त प्रलंबित राहू नये. हेतू उघड आहे: काम निकाली निघावं. पण मुदत मोजली जाते ती एकेका टेबलावरची. मग सातव्या दिवशी एखादी त्रुटी काढून फाइल खाली परत पाठवली, किंवा 'मार्गदर्शन व्हावे' असा शेरा मारून वर ढकलली, की टेबल स्वच्छ. कायदा पाळला गेला. अर्जदाराचे हेलपाटे चालूच.

असं करणारा कारकून मठ्ठ नसतो. नियमाचा हेतू त्याला साहेबापेक्षा जास्त कळतो. पण हेतू पाहून निर्णय घेतला आणि काही वर्षांनी ऑडिटचा आक्षेप निघाला, तर खुलासा त्याला द्यायचा असतो आणि वसुलीही त्याच्याच पगारातून व्हायची असते. शब्दाला चिकटून एखाद्या विधवेचं निवृत्तिवेतन अडवलं, तर त्यावर सहसा कोणी आक्षेप काढत नाही. हा हिशेब करायला फार हुशारी लागत नाही.

वरच्या खुर्च्यांवरही हेच. १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या १३ व्या कलमात एक पोटकलम होतं: लोकसेवकानं पदावर असताना सार्वजनिक हिताशिवाय कोणालाही आर्थिक लाभ मिळवून दिला, तर तो गुन्हा. स्वतः लाच घेतल्याचा पुरावा हवाच, असं त्यात नव्हतं. सरकारचा जवळजवळ प्रत्येक निर्णय कोणाला तरी लाभ देतोच. त्यात सार्वजनिक हित होतं की नव्हतं, हे मागाहून दुसरंच कोणी ठरवणार. अशा वाक्याखाली बसलेला अधिकारी सही करण्याऐवजी समिती नेमेल, यात नवल ते काय? हे पोटकलम जायला २०१८ ची दुरुस्ती यावी लागली.

तरीही 'शब्द सोडा, हेतू पाहा' असा सरसकट सल्ला मी देणार नाही. ज्याची ओळख नाही, वशिला नाही, त्याला नियमाच्या शब्दाचाच आधार असतो. हेतू पाहण्याची मुभा साहेबाला दिली की त्याला आपल्या माणसाच्या अर्जात हेतू दिसतो आणि परक्याच्या अर्जात त्रुटी. म्हणून मुभा हवी ती कारण लिहून ठेवण्याच्या अटीवर. आणि कारण प्रामाणिक असेल तर निर्णय चुकला तरी वसुली नको. एवढं मान्य करण्याऐवजी आपण काय करतो, तर मोघम परिपत्रकावर स्पष्टीकरणाचं परिपत्रक काढतो. मग त्याचं शुद्धिपत्रक निघतं. तिन्ही एकाच फाइलला टाचून ती मार्गदर्शनासाठी वर जाते.